मिटलेल्या पापण्यांआड

निद्रा आणि स्वप्न या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मांडूक्योपनिषदांत जागृति, स्वप्न, सुषुप्ति व तुरीय असे आत्म्याचे चार पाद वर्णिलेले आहेत. त्यामुळें १९५३ सालीं शिकागो येथें लागलेल्या शोधाची वार्ता कानीं पडतांच 'यांत नवें तें काय?' असें म्हणण्याचा मोह आपणांस होतो. तो आवरला पाहिजे. उपनिषत्कारांनीं जें अंतर्मुख होऊन जाणलें, तें शेजारीं निजलेल्या माणसाच्या पापण्यांवरून बाहेरूनही ओळखतां येतें, हें त्यांनीं सांगितलेलें नाहीं. आणि पश्चिमेसही तें दिसावयास विलक्षण उशीर लागला.

हा उशीर कां लागावा? पाळण्याची दोरी हातीं धरणाऱ्या आयांनीं निजलेल्या मुलाचे डोळे पापण्यांआड फिरतांना पाहिले असतीलच. १८९२ सालीं लॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें, स्वप्न पाहणाराचे डोळे हलत असावेत, असा तर्कही केला होता. परंतु फ्रेंच पंडित मोरी याच्या १८६१ सालच्या ग्रंथांतील एका हकीकतीनें लोकांचीं मनें अधिक व्यापलीं होतीं. पलंगाची दांडी मानेवर पडतांच त्यानें राज्यक्रांतींतील आपला खटला व गिलोटिनखालचा आपला शिरच्छेद स्वप्नांत पाहिला! स्वप्न जर असें जागें होण्याच्या क्षणींच चमकून जात असेल, तर निजलेल्याजवळ रात्रभर बसण्याचें कारणच काय? पुढें बर्गर या जर्मन वैद्यानें मेंदूंतील विद्युल्लहरी कागदावर उतरविण्याची रीत १९२९ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९३७ सालीं लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिच्या आधारें झोपेच्या पांच पायऱ्या ठरविल्या. पण या पायऱ्या विहिरीच्या होत्या. वरून खालीं, उथळ झोपेकडून गाढ झोपेकडे जाणाऱ्या. त्या विहिरींत उतरलेल्या माणसाचे डोळे जाग्यासारखे भिरभिरूं लागतात, याची नोंद त्यांत नाहीं.

शिकागो विद्यापीठांतील क्लाइटमन हे निद्राशास्त्राचे त्या काळचे श्रेष्ठ अधिकारी. १९३८ सालीं त्यांनीं एका विद्यार्थ्यासह केंटकींतील मॅमथ गुहेंत बत्तीस दिवस राहून, अठ्ठावीस तासांचा दिवस शरीरास मानवतो कीं काय, हें पाहिलें. विद्यार्थ्यास तो मानवला, गुरूंस मानवला नाहीं! एवढ्या चिकाटीच्या या पुरुषाचेंही मत असें कीं, उलगडा हवा तो जागृतीचा; झोप म्हणजे केवळ तिचा अभाव. अभावाकडे कोण टक लावून पाहणार? शिवाय कागद महाग. म्हणून रात्रभर यंत्र चालविण्याऐवजीं मधून मधून नमुना घेण्याची वहिवाट पडली होती.

ती मोडली ॲसेरिन्स्की नांवाच्या विद्यार्थ्यानें. हा बी. ए. देखील नव्हता, आणि घरीं ओढगस्त. १९५१ च्या डिसेंबरांत, अडगळींत पडलेलें एक जुनें यंत्र कसेंबसें चालू करून, त्यानें आपल्या आठ वर्षांच्या मुलास रात्रीं त्याच्या तारा जोडल्या. कांहीं वेळानें लेखण्या जोरानें हेलकावूं लागल्या. मूल जागें झालें असेल म्हणून तो आंत गेला, तों मूल गाढ झोपलेलें. प्रथम त्यास यंत्राचाच संशय आला, व तो फिटेपर्यंत त्यानें पुनःपुन्हा पडताळे घेतले. क्लाइटमनांनींही आपल्या मुलीवर प्रयोग पाहिल्यावांचून मान डोलविली नाहीं. १९५३ च्या सप्टेंबरांत निबंध प्रसिद्ध झाला. डोळे हलत असतां २७ वेळां उठविलें, तेव्हां २० वेळां सविस्तर स्वप्न सांगण्यांत आलें; डोळे स्थिर असतां २३ वेळां उठविलें, त्यांतील १९ वेळां कांहींच आठवलें नाहीं. हा प्रकार सुमारें दीड तासाच्या अंतरानें रात्रींतून चार-पांच वेळां घडतो, हें पुढें डिमेंट यांच्या प्रयोगांनीं ठरलें. १९५९ सालीं झूव्हे यांनीं मांजरांवर दाखविलें कीं, या वेळीं मेंदू जाग्यासारखा असून स्नायू मात्र पार लुळे पडलेले असतात. म्हणून त्यांनीं हिला विरोधाभासी निद्रा म्हटलें.

येथें एक गंमत झाली. जुना समज गेला, आणि 'डोळे हलले म्हणजे स्वप्न, न हलले म्हणजे स्वप्न नाहीं' असा नवा समज त्याच्या जागीं बसला. १९६२ सालीं फोक्स यांनीं केवळ प्रश्न बदलला. 'स्वप्न पडलें काय?' असें न विचारतां 'मनांत काय चाललें होतें?' असें विचारतांच, स्थिर डोळ्यांच्या झोपेंतून उठविलेले लोकही निम्म्याहून अधिक वेळां कांहींना कांहीं सांगूं लागले. आम्हां प्रश्नपत्रिका काढणारांस हें आधींच ठाऊक असावयास हवें होतें. डोळे यंत्रास दिसतात. स्वप्न अद्यापिही निजणाऱ्याच्या साक्षीवरच घ्यावें लागतें.

या वादास तोंड लागलें, तेव्हां ॲसेरिन्स्की शिकागोस नव्हता. निबंध प्रसिद्ध झाला त्याच सुमारास नोकरीसाठीं तो सिॲटलकडे निघून गेला. तेथें विजेच्या प्रवाहाचा सामन माशांवर काय परिणाम होतो, हें पाहण्याचें काम त्याच्याकडे आलें.