गोदावरी नदीमुखातील प्लवक आणि कार्बनचक्र

नदीमुखातील प्लवक : नदीचे गोडे पाणी समुद्रात मिसळते त्या पट्ट्यात प्रवाहासोबत वाहणारे सूक्ष्म जीव. यांतले वनस्पतिप्लवक उन्हाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, तर प्राणिप्लवक आणि जीवाणू श्वसनातून तो वायू परत पाण्यात सोडतात. नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये वाढली की वनस्पतिप्लवक फोफावतात, हा सर्वसाधारण समज. गोदावरीच्या मुखाशी तो अपुरा पडतो.

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणाऱ्या या नदीला आंध्र प्रदेशात दौलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली फाटे फुटतात. त्यांपैकी गौतमी ही शाखा यानमवरून बंगालच्या उपसागराला मिळते. यानमला सप्टेंबर २००७ ते नोव्हेंबर २००८ या काळात शास्त्रज्ञांनी रोजच्या रोज पाणी तपासले.

पुराच्या दिवसांत पोषकद्रव्ये मुबलक होती, पण वनस्पतिप्लवकांची निर्मिती अगदी कमी. लिटरमागे ०.२ ते ०.५ ग्रॅम गाळ असलेल्या पाण्यात ऊन शिरणार कसे? शिवाय जोरदार प्रवाहात पेशींना वाढायला उसंतही मिळत नाही. जीवाणूंची मात्र चंगळ असते : जमिनीवरून वाहून आलेला पालापाचोळा आणि मातीतले सेंद्रिय द्रव्य ते कुजवत राहतात. ऐन पुरात इथल्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब ३०,००० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास पोहोचल्याची नोंद आहे; हवेत तो तेव्हा चारशेच्याही आत होता. अर्थात नदीमुख हा वायू हवेत सोडत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चित्र पालटले. प्रवाह आणि गाळ तीन चतुर्थांशांहून अधिक घटला, पाणी निवळले आणि हरितद्रव्य घनमीटरमागे १८ मिलिग्रॅमपर्यंत चढले. बहराच्या दोन आठवड्यांत विरघळलेला नायट्रोजन झपाट्याने संपत गेला. वरच्या प्रकाशित थरात आता उत्पादन श्वसनापेक्षा जास्त होते. जानेवारी-फेब्रुवारीत, नदी वाहायची थांबली असताना, दुसरा बहर आला. त्या वेळी पाण्यात नायट्रोजन पुन्हा वाढलेला होता, म्हणजे तो नदीखेरीज अन्य वाटेने येत असावा.

केवळ वरचा थर तपासला तर फसगत होते, हा या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग. संपूर्ण काळाच्या सरासरीत प्रकाशित थरातील उत्पादन तिथल्या श्वसनाच्या दुपटीहून अधिक भरले. मात्र तळापर्यंतच्या सगळ्या पाण्याचे श्वसन मोजल्यावर तेच उत्पादन त्याच्या जेमतेम १४ टक्के ठरले. उरलेली गरज मुख्यतः जमिनीवरून आलेल्या कार्बनवर भागत होती, कोरड्या महिन्यांतसुद्धा.