गिरणींतील माता आणि तिचें तान्हें मूल

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहितांना सूत, कापड, संप आणि नफातोटा ह्यांचा हिशेब बहुतेक लेखक काळजीपूर्वक देतात. त्या इतिहासांत तान्ह्या मुलाला मात्र जागा सांपडत नाहीं. वास्तविक १९२० च्या सुमारास ह्या गिरण्यांतील दर पांच मजुरांमागें सुमारें एक स्त्री होती. रीळ भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत तर सारा राबता स्त्रियांचाच असे. त्यांजवर देखरेख करणारी नायकीण, कामावर घेणारीही तीच. मजुरी कामाच्या वजनावर मिळे. म्हणजे घरीं बसलेल्या दिवसाचा एक पैसाही नाहीं.

अशा बाईला मूल झालें म्हणजे काय होई? कोंकणांतून आलेल्या पुष्कळजणी बाळंतपणाला गांवीं जात. ज्यांस तें परवडत नसे त्या चाळींतच बाळंत होत. पोट अडलेलें, कर्ज झालेलें आणि खात्यांत आपल्या जागीं बदली बाई उभी असलेली. तेव्हां अंग पुरतें सांवरण्यापूर्वींच भोंग्याबरोबर निघावें लागे. १९२० च्या संपानंतर गिरण्यांत दहा तासांचा दिवस झाला होता खरा, पण दहा तास अंगावरच्या मुलाला कोणापाशीं ठेवावयाचें? सासू अथवा थोरली मुलगी असली तर ठीक. नाहींतर शेजारची एखादी म्हातारी चार पैसे घेऊन संभाळी. मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत.

ही गोष्ट चाळींतील सर्वांस ठाऊक होती. सरकारदप्तरीं ती आली डॉ. बार्न्स ह्या बाईंमुळें. मुंबई सरकारनें त्यांजकडे गिरणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी सोंपविली होती. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत अशा स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असें नमूद आहे. हा आंकडा वाचून त्या वेळच्या सुशिक्षितांनीं आयांच्या अज्ञानास दोष दिला. तो दोष अन्यायाचा होता. गोळी देणाऱ्या आईला मूल नकोसें झालेलें नव्हतें. तें निजलें तरच म्हातारी संभाळणार आणि म्हातारीनें संभाळलें तरच चूल पेटणार, हें ती जाणून होती.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत बाळंतिणीच्या रजेचा ठराव झाला. हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी तेथें हजर होते. त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत ह्या विषयाचें बिल आणलें, पण तें फेटाळलें गेलें. पुढें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत हा प्रश्न निघाला तेव्हां, जुलै १९२८ मध्यें, डॉ. आंबेडकरांनीं बिलास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या सुमारास मातेला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें असल्यामुळें मोठा भार सरकारनें उचलावा हें खरें, परंतु जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही हात झटकतां येणार नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९२९ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांतील ह्या प्रकारचा तो पहिलाच. प्रसूतीपूर्वीं तीन आणि नंतर चार, असे सात आठवडे, रोज आठ आणे भत्ता ठरला. एकूणपन्नास दिवसांचे साडेचोवीस रुपये होतात. प्रसूतीनंतर चार आठवडे त्या बाईला कामावर घेण्यास मालकाला मनाई झाली. ही रक्कम चाळींतील संसाराला लहान नव्हती; सावकाराच्या दारीं जाण्याचें एक निमित्त तिनें टळलें.

पण एकोणतिसाव्या दिवसाचें काय? कायदा येथें गप्प होता. महिन्याचें मूल सोडून आई गिरणींत गेली, कीं जुना प्रश्न जसाचा तसा पुढें उभा राही. त्याचें उत्तर एकच होतें, आणि तें कांहीं गिरण्यांनीं कायद्याची वाट न पाहतां शोधलेंही होतें. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें आणि मुंबईच्या मोजक्या गिरण्यांत पाळणाघरें निघालीं होतीं. तेथें पाळण्यांची ओळ, दूध व दाई असे. मधून येऊन आईला अंगावर पाजतां येई. तरीही आया आरंभीं बिचकत. पहांटे मूल पोटाशीं धरून गर्दींतून आणावयाचें, परक्या बाईच्या हातीं द्यावयाचें, शिवाय दृष्ट लागण्याची धास्ती! म्हातारी निदान ओळखीची तरी होती. पाळणाघर रिकामें दिसलें म्हणजे 'ह्यांस नकोच आहे' असें म्हणणारे मालक ह्या अडचणी विचारांत घेत नसत.

१९२९ मध्यें नेमलेल्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें, जेथें पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. अधिकार दिला, सक्ती नव्हे. सक्ती व्हावयास १९४८ चा कायदा यावा लागला. १९६१ च्या कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत त्याला पाजण्यासाठीं आईला दिवसांतून दोनदां मोकळीक दिली; १९७६ सालीं पाळणाघरासाठीं स्त्रियांची संख्या तिसावर आली; २०१७ मध्यें पहिल्या दोन मुलांपुरती रजा २६ आठवड्यांची झाली.

ही प्रगति लहान नव्हे. मात्र गिरणगांवांत दुसरेंच कांहीं घडत होतें. नवीं यंत्रें आलीं, थोड्या माणसांत अधिक काम उरकण्याच्या योजना आल्या. स्त्रियांस रात्रपाळीची बंदी होती, त्यामुळें दोन-तीन पाळ्या चालविणाऱ्या मालकास पुरुष सोयीचा वाटे. त्यांतच भत्ता आणि पाळणाघर ह्यांचा खर्च पुढें करून कित्येक ठिकाणीं लग्न झालेल्या तरुण बाईला कामावर घेणेंच टाळलें जाई. दर पांचांत एक असलेली स्त्री दशकामागून दशक कमी होत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या; पण सूत गुंडाळण्याच्या खात्यांतून बायका त्यापूर्वीं पुष्कळच वर्षें आधीं नाहींशा झाल्या होत्या.