गाडीवरचा बिल्ला कोणी कमावला?



आजचा विषय एका फोनमुळे सुचला. काश्मीरमध्ये माझ्याबरोबर चालक असलेले साताऱ्याकडचे एक जवान मानद नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांचा फोन आला. "साहेब, पोरगं थार घ्यायची म्हणतंय. साधी नको, अर्थ एडिशन पाहिजे. चाळीस हजार जास्त आहेत. कर्ज माझ्या पेन्शनवर निघणार. त्या चाळीस हजारांत जास्त काय मिळतं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "साहेब, दोन दिवस द्या." ते जेसीओ झाल्यापासून मीही त्यांना साहेबच म्हणतो. फौजेतली रीत आहे.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात काम होतं. हा पूर्वीचा कर्झन रोड. एक टोक कनॉट प्लेसला, दुसरं इंडिया गेटला. याच रस्त्यावर २५ क्रमांकाच्या जीवनप्रकाश इमारतीत मारुती उद्योगाचं कार्यालय असायचं. ज्या जिप्सीत आम्ही दोघांनी हिवाळे काढले, ती याच कंपनीची. काम आटोपून चालत निघालो आणि डोक्यात हा सगळा इतिहास फिरू लागला. तोच तुम्हाला सांगतो.

सुरुवात १९४१ पासून. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. सगळ्या एकसारख्या. कुठलाही सुटा भाग कुठल्याही जीपला बसला पाहिजे, हीच तिची खुबी. 'खास आवृत्ती' ही कल्पनाच तिथे गैरसोयीची होती. पुढे १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्राने विलीज जीपची जोडणी सुरू केली. आजची थार त्याच घराण्यातली.

जिप्सी आली डिसेंबर १९८५ मध्ये. इंजिन ९७० सीसी, ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९० च्या दशकात ती फौजेत रुळली. आमच्या जिप्सीला कापडी छत होतं आणि थंडी आत-बाहेर सारखीच. सुरुंगाच्या भीतीने तळाला वाळूच्या गोण्या अंथरलेल्या असत. पण गाडी हलकी. बर्फात अडकली, तर चार जवान उतरून खांदा लावत आणि ती निघे. कंपनीने १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आणली, २००० मध्ये ८० अश्वशक्तीचं इंजिन दिलं. रेड द हिमालयसारख्या रॅलींत हीच गाडी धावली. तिचं नाव झालं ते अशा कामामुळे.

आता खास आवृत्त्यांकडे येऊ. त्यांचे मला तीन प्रकार दिसतात.

पहिला, ज्यात नावामागे खरोखर यंत्र असतं. जीप रँग्लरची रुबिकॉन घ्या. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेल या खडकाळ वाटेवरून तिला नाव मिळालं. २००३ च्या मॉडेलपासून तिला पुढे-मागे डिफरन्शियल लॉक आणि फार हळू, पण जोरात ओढणारा लो रेंज गिअर मिळाला. एक चाक हवेत लटकलं की साध्या गाडीत तेच चाक गरगर फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढतं. २०२१ पासून रुबिकॉनची जोडणी आपल्या पुण्याजवळ रांजणगावला होऊ लागली.

दुसरा प्रकार आठवणीचा. २०१९ मध्ये जुनी थार बंद होताना महिंद्राने 'थार ७००' काढली. सत्तर वर्षांच्या वारशाची खूण म्हणून फक्त ७०० गाड्या, प्रत्येकीवर आनंद महिंद्रा यांच्या सहीचा बिल्ला. एबीएस होतं, इंजिन नेहमीचंच. २०२० मध्ये नव्या थारचा पहिला क्रमांक लिलावात १ कोटी ११ लाखांना गेला. तो पैसा कोविडच्या मदतीसाठी होता. २०२५ मध्ये रँग्लरची 'विलीज ४१' आवृत्ती आली, भारतासाठी अवघ्या ३०. रंग १९४१ च्या लष्करी हिरव्याची आठवण देणारा. गंमत बघा, आम्हाला रंग निवडायची मुभा नव्हती. आणि आपल्या मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्यासाठी राखीव आहे.

तिसरा प्रकार निव्वळ विक्रीचा. जिप्सीची वारसदार जिम्नी जून २०२३ मध्ये आली. वर्ष सरायच्या आत 'थंडर एडिशन' निघाली. नाव गडगडाटाचं, पण आत पट्टे, बंपरची सजावट, पायपुसणी. इंजिन तेच १.५ लिटरचं. उलट तिची किंमत नेहमीच्या गाडीपेक्षा कमी ठेवली होती.

मग अर्थ एडिशन कुठे बसते? ती फेब्रुवारी २०२४ ची, सुरुवातीची किंमत १५ लाख ४० हजार. थारच्या वाळवंटासारखा मॅट रंग, आत वाळूच्या टेकड्यांची नक्षी आणि क्रमांकाची पाटी. इंजिन, गिअर, फोर बाय फोर यंत्रणा एलएक्सचीच. म्हणजे घाटात, चिखलात दोघी सारख्या.

दोन दिवसांनी फोन करून मी हेच सांगितलं. "साहेब, चाळीस हजारांत रंग, नक्षी आणि पाटी. ओढायची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. तेवढ्या पैशात चांगले टायर येतील."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "कळलं साहेब. पण मी सगळी नोकरी सरकारच्या हिरव्या गाडीत काढली. आमच्या दारात आजवर रंग बघून घेतलेली गाडी आली नाही. घेऊ दे त्याला. फक्त तो बिल्ला म्हणजे ताकद असं समजून डोंगरात घुसायला नको, तेवढं त्याला तुम्ही सांगा."

मी त्या मुलाशी अर्धा तास बोललो. लो रेंज कधी लावायचा, टायरमधली हवा कधी कमी करायची, उतारावर ब्रेक दाबून का धरायचा नाही. हे सगळं मला त्याच्या वडिलांनीच बर्फात शिकवलं होतं.

तुमच्याही घरी असा विषय निघाला, तर शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: बिल्ला काढला, तर गाडीत काय बदलतं? उत्तर "काहीच नाही" असलं तरी हरकत नाही. हौसेलाही मोल असतं. ते आपण कशासाठी मोजतोय, एवढं माहीत असावं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.