आगगाडी, खेळण्यातील : जुने रूळ व रोहित्रे

विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाडीला प्रवाह पोहोचविणारे पत्र्याचे रूळ आणि घरगुती विजेचा दाब उतरवून गाडीचा वेग नियंत्रित करणारी रोहित्रे यांचा संग्रह करणे, हा खेळण्यातील आगगाड्यांच्या संग्रहाच्या छंदाचा एक उपप्रकार होय. तो मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने, जर्मनी व ब्रिटन या देशांत रुजला. एंजिने व डबे यांच्या मानाने रूळ व रोहित्रे दीर्घकाळ उपेक्षित राहिली. तथापि त्यांच्याशिवाय जुनी गाडी ही केवळ कपाटातील शोभेची वस्तू ठरते.

ऐतिहासिक आढावा : जर्मनीतील ग्योपिंगेन येथे १८५९ मध्ये स्थापन झालेल्या मेर्क्लिन या संस्थेने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. तिचा रूळमार्ग एकमेकांस जोडता येणाऱ्या तुकड्यांचा असून त्याची मांडणी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी होती. रुळांच्या रुंदीनुसार मापांना क्रमांक देण्याची पद्धतही याच संस्थेने रूढ केली. यामुळे आगगाडी हे एकच सुटे खेळणे न राहता दरवर्षी भर घालता येईल अशी एक प्रणाली बनली. पुढे सर्वाधिक प्रसार पावलेले माप शून्य क्रमांकाचे होय. त्यात दोन रुळांमधील अंतर ३२ मिमी. असते. इंग्रजी भाषिक देशांत शून्याचा उच्चार ‘ओ’ असा होऊन तेच नाव रूढ झाले.

अमेरिकेत सिनसिनॅटी येथील कार्लाइल अँड फिंच या संस्थेने १८९०–१९०० या दशकाच्या उत्तरार्धात विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील गाड्या विकण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्क येथे जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० मध्ये लायनेल संस्था काढली. तिचे आरंभीचे रूळ म्हणजे लाकडी स्लीपरांच्या खाचांत बसवावयाच्या पोलादी पट्ट्या असत व ते काम गिऱ्हाइकासच करावे लागे. १९०६ मध्ये तिने तीन रुळांचे तयार तुकडे बाजारात आणले. मधला रूळ निरोधक कागदाने स्लीपरांपासून अलग ठेवलेला असे व त्यातून आलेला प्रवाह बाहेरच्या रुळांवाटे परत जाई. दोन रुळांच्या मार्गात वळसा घेऊन गाडी उलट दिशेने त्याच रुळावर आल्यास मंडल संक्षिप्त होते. तिसऱ्या रुळामुळे ही अडचण दूर झाली. पत्रा वाकवून केलेले हे पोकळ रूळ खिळ्यांनी जोडले जात. खऱ्या रेल्वेशी त्यांचे साम्य कमी असले, तरी मुलांच्या हाताळणीत ते टिकत.

विजेचा प्रश्न : घरगुती विजेचा वापर हा या खेळाचा आधार तसाच त्यातील मोठा धोकाही होता. आरंभी यूरोपात मुख्य पुरवठ्याशी विजेचा दिवा रोधक म्हणून जोडून गाड्या चालवीत. त्यामुळे मुलाचा हात लागणाऱ्या रुळापर्यंत घातक दाब पोहोचण्याचा संभव असे. मेर्क्लिनने १९२६ मध्ये २० व्होल्टची प्रणाली आणली. लोखंडी गाभ्याभोवती प्राथमिक व दुय्यम अशी दोन वेटोळी असलेल्या रोहित्रात रुळाचा मुख्य पुरवठ्याशी विद्युत् संबंध राहत नाही, हे त्याचे खरे महत्त्व होय. मात्र रोहित्र केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत असल्याने, एकदिश प्रवाहाचा पुरवठा असलेल्या वस्त्यांत त्याचा उपयोग नसे व तेथे रोधकांवरच भागवावे लागे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लायनेलने गाड्यांचे उत्पादन थांबवून नौदलासाठी उपकरणे बनविली. युद्धोत्तर काळ हा या खेळाचा वैभवकाळ होय. १९४८ मध्ये आलेले व पुढे २७५ वॉटचे करण्यात आलेले ‘झेडडब्ल्यू’ रोहित्र चार स्वतंत्र मार्गांना प्रवाह देई व १९६६ पर्यंत निर्माण होत होते. २७५ वॉट हा आकडा मात्र रोहित्राने घेतलेल्या शक्तीचा आहे. गाड्यांना मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असते. अमेरिकन फ्लायर या गाड्यांसाठी गिल्बर्ट संस्थेने १९४६ मध्ये दोन रुळांचा मार्ग आणला. १९५७ मध्ये लायनेलने प्लॅस्टिकच्या स्लीपरांचा व मध्ये तांब्याची बारीक पट्टी असलेला ‘सुपर ओ’ मार्ग काढला. तोही १९६६ पर्यंतच टिकला. पुढच्याच वर्षी लायनेलचे दिवाळे निघाले.

संग्रहाचे स्वरूप : प्रत्येक संचाबरोबर वर्तुळाकार मार्ग व एक लहान रोहित्र दिले जात असे. नाताळात झाडाखाली मांडलेले हे साहित्य वर्षभर खोक्यात पडून राही. एंजिन मोडले, विकले वा संग्राहकाकडे गेले, तरी रूळ व रोहित्र मागे राहत. एका एंजिनासाठी संपूर्ण खोके विकत घेणाऱ्या संग्राहकाकडे त्यामुळे अशा साहित्याचे ढीग साचत जातात. पेनसिल्व्हेनियात १९५४ मध्ये आगगाडी संग्राहकांची संघटना स्थापन झाली. तिच्या स्ट्रासबर्ग येथील संग्रहालयात व यॉर्क येथील मेळाव्यांत या साहित्याची पाहणी व देवघेव होते.

रुळांची पारख मापावरून व उंचीवरून करतात. लायनेलच्या ‘ओ’ रुळाच्या आठ वक्र तुकड्यांचे वर्तुळ ३१ इंच व्यासाचे, तर ‘ओ–२७’ चे २७ इंचांचे होते; दुसऱ्याची उंची कमी असल्याने दोन्ही सरळ जोडता येत नाहीत. गंज, सैल खिळे व झिजलेला निरोधक कागद हे नेहमीचे दोष होत. प्रत्येक सैल सांध्यात दाब घटतो व लांबच्या टोकास गाडी मंदावते. म्हणून ठिकठिकाणी जादा तारांनी प्रवाह पुरवितात. पोलादी लोकरीने रूळ घासणे टाळतात, कारण तिचे कण १९५० पासून आलेल्या चुंबकीय चाकांना चिकटतात. ही चुंबकीय पकड पोलादी रुळावरच मिळते. जुन्या पत्र्याच्या रुळांची उपयुक्तता त्यामुळे टिकून आहे.

जतन व सुरक्षितता : मूळ स्वरूप राखावे की वस्तू चालू स्थितीत आणावी, हा सर्वच संग्रहांतील वाद येथे अधिक तीव्र होतो. एंजिनाचा मूळ रंग राखल्याने कोणास इजा होत नाही. रोहित्राची तडकलेली मूळ तार राखणे मात्र धोक्याचे असते. म्हणून तार, झिजलेली कार्बनची चाके व शिटीच्या प्रवाहासाठी असलेली एकदिशकारक चकती बदलणे बहुतेक संग्राहक मान्य करतात. दोन रोहित्रे एकाच मांडणीस जोडताना त्यांची कला जुळणे आवश्यक असते. त्यांपैकी एकाचीच गुडदी काढल्यास दुसऱ्याचा प्रवाह रुळांवाटे पहिल्यात उलटा शिरतो, दाब वाढतो व मोकळ्या गुडदीच्या टोकांवर जवळजवळ मुख्य पुरवठ्याइतका दाब येतो. जुने मंडल खंडक सावकाश चालतात. नव्या इलेक्ट्रॉनिक एंजिनांच्या संरक्षणास ते पुरत नाहीत. सु. ११५ व्होल्ट व ६० आवर्तनांसाठी बनविलेले अमेरिकन रोहित्र भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यास थेट जोडल्यास जळते. दाब उतरवूनही ५० आवर्तनांवर त्याचा गाभा अधिक तापतो.

महाराष्ट्रात पुणे येथील कोथरूडमध्ये १९९८ साली लघु रेल्वेचे जोशी संग्रहालय सुरू झाले. तेथील भर प्रतिकृतींच्या मांडणीवर व चालत्या प्रात्यक्षिकावर आहे.

जुने रूळ व रोहित्रे यांचे बाजारमूल्य बहुधा अल्प असते. तथापि घरात वीज प्रथम खेळण्याच्या रूपाने कशी शिरली, तिचा धोका कसा ओळखला गेला व तो कसा आवरला गेला, याचा पुरावा एंजिनांपेक्षा याच साहित्यात अधिक स्पष्टपणे उरला आहे.