अवटू ग्रंथीचा कर्करोग आणि हृदयविकार

अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगावर उपचार झालेल्यांत चयापचय बदलतो आणि त्याचा भार हृदयावर पडतो. या कर्करोगाचे पॅपिलरी व फॉलिक्युलर हे प्रकार सर्वाधिक आढळतात आणि बहुधा आटोक्यात येतात. रुग्ण पुढे कित्येक दशके जगतो, म्हणून हृदयाची चिंता इथे दुय्यम ठरत नाही.

ग्रंथी पूर्ण काढल्यावर लेव्होथायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते : सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. तिने ग्रंथीची उणीव भरून निघते. मात्रा थोडी चढी ठेवली, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवणारे टीएसएच दबते. टीएसएच उरल्यासुरल्या कर्कपेशींच्या वाढीला बळ देते, म्हणून ते दाबायचे. पण याच चढ्या मात्रेने नाडी जलद होते, छातीत धडधडते, डाव्या निलयाची भिंत जाड होऊ लागते. उतारवयात अलिंदाचे ठोके बेताल होण्याची भीती अधिक. तिथे रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. नेदरलँड्समधील ५२४ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूची जोखीम इतरांच्या तिपटीहून अधिक आढळली, आणि टीएसएच जितके खाली, तितकी ती जास्त.

उलट टोकही आहे. किरणोत्सारी आयोडीन देण्यापूर्वी टीएसएच वाढावे म्हणून गोळी तीन-चार आठवडे थांबवतात. तेवढ्या काळात यकृत रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, नाडी मंदावते, अंगावर सूज येते. ही अवस्था तात्पुरती असते. टीएसएचचे इंजेक्शन दिल्यास तीही टळते. पसरलेल्या रोगावरच्या लेनव्हॅटिनिबसारख्या औषधांनी रक्तदाब चढतो, तो वेगळा भाग.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार रोग उलटण्याचा धोका कमी असलेल्या आणि उपचार लागू पडलेल्या रुग्णाचे टीएसएच ०.५ ते २ पुरे, ०.१ च्या खाली दाबण्याची गरज थोड्यांनाच. व्यवहारात मात्र शंभर गोळ्यांची बाटली संपली की दुकानातून दुसरी येते आणि मात्रा शस्त्रक्रियेच्या वर्षीचीच राहते. अशा रुग्णाने टीएसएचचा ताजा अहवाल आणि ईसीजी घेऊन डॉक्टरांना भेटावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.