इकित्सुकी : एका जपानी गांवाची मुखपरंपरा व तिचा पुरावा

जपानांतील क्यूशूच्या वायव्येस हिरादो बेट असून त्याच्या शेजारीं इकित्सुकी नांवाचें लहानसें बेट आहे. ता. 1 ऑक्टोबर 2005 रोजीं हिरादो शहरांत विलीन होईपर्यंत हें स्वतंत्र नगर होतें. याचें नांव आमच्या वाचकांच्या कानांवरून क्वचितच गेलें असेल. तथापि कागद आणि कंठ यांपैकीं प्रमाण कोणतें, या आपल्या नेहमींच्या वादास येथील वृत्तान्त उपयोगी असल्यामुळें तो थोडक्यांत देत आहों.

या वृत्तान्ताचें एक टोंक गोव्यांत आहे. अंजिरो नामक जपानी गृहस्थानें 1548 त गोव्यास बाप्तिस्मा घेतला. त्यास बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलांत गोव्याहून निघाला व 15 ऑगस्टला कागोशिमा येथें उतरला. पुढील सालीं तो हिरादोस गेला. इकित्सुकीवर सत्ता असलेल्या कोतेदा घराण्यानें 1558 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला व मागोमाग रयतहि गेली. परंतु हिरादोच्या अधिपतीशीं न पटल्यामुळें 1599 त हें घराणें शेंकडों माणसांसह नागासाकीस निघून गेलें. मागें राहिलेल्यांपैकीं गास्पार निशी यास 1609 त देहान्त शासन झालें. 1614 त देशभर बंदी आली, आणि समोरच्या नाकाएनोशिमा या निर्जन बेटावर 1622 व 1624 त ख्रिस्त्यांचा वध झाला.

यापुढें गांवास धर्मगुरु उरला नाहीं. लोक बाहेरून बौद्ध व शिंतो आचार पाळीत आणि घरांत जुना धर्म चालवीत. प्रार्थनांस ते 'ओराशो' म्हणत. हा लॅटिन शब्दाचाच अपभ्रंश होय. त्या पुत्रानें पित्याकडून ऐकून पाठ करावयाच्या. देवाचीं चित्रें माजघरांत लपविलेलीं असत. चित्र जीर्ण झालें कीं त्याची नवी नक्कल करीत व या कृतीस 'धुणें' म्हणत. जुनें चित्र फेंकून न देतां जपून ठेवीत. अशा नकलांमागून नकलांत माता व बालक जपानी पोषाखांत दिसूं लागलीं.

याच गांवाचा धंदा मात्र कागदावर उत्तम उतरला आहे. 1725 त मासुतोमी घराण्यानें येथें देवमाशांच्या शिकारीस आरंभ केला व पुढें तें या धंद्यांत जपानांतील अग्रगण्य घराण्यांत गणलें गेलें. 1832 च्या 'इसानातोरी एकोतोबा' या सचित्र ग्रंथांत येथील जाळीं, भाले, होड्या व मांस तोडण्याची रीत तपशिलानें रेखाटली आहे. म्हणजे गांवाचा उघड व्यवहार पुस्तकांत शिरला, आणि गुप्त व्यवहार कंठांत राहिला.

1873 त बंदीचे फलक उतरले. इतरत्र अनेक गुप्त ख्रिस्ती चर्चकडे परतले. इकित्सुकींतील बहुतेकांनीं मात्र पूर्वजांची रीतच धरून ठेविली. येथील एका गेय प्रार्थनेस 'गुरुयोझा' म्हणतात. गाणारांस तिचा अर्थ कळत नसे. संगीताचे इतिहासकार मिनागावा तात्सुओ यांनीं युरोपांतील ग्रंथालयें धुंडाळून तिचें मूळ माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील 1553 च्या एका स्पॅनिश स्तोत्रसंग्रहांत शोधून काढलें. 'ग्लोरिओसा' या लॅटिन शब्दाचा तेथें 'गुरुयोझा' झाला होता.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुखपरंपरा केवळ अलेखी म्हणून त्याज्य नव्हे. येथें तिनें चार शतकें एक परकी स्तोत्र सांभाळलें. परंतु तिच्या शब्दावर विसंबूनहि चालत नाहीं. स्पेनमधील तें पुस्तक हातीं आलें नसतें, तर 'गुरुयोझा' हा निरर्थक शब्दच राहिला असता. कंठानें वस्तु राखली व कागदानें तिची ओळख पटविली. नाकाएनोशिमा 2018 त जागतिक वारशाच्या यादींत आलें. पण ओराशो म्हणणारे कमी होत चालले आहेत. कागदाची निदान नक्कल सांपडूं शकते. म्हणून संग्राहकानें पोथीबरोबर ती म्हणणाराचा पाठहि वेळींच टिपून ठेवावा, एवढेंच सुचवावयाचें आहे.