चिनी महाल आणि मायसेनचा कैदी

दौलताबादचा किल्ला चढताना वाटेत चिनी महाल लागतो. त्याच्या पडक्या भिंतीवर कुठेकुठे निळ्या-पांढऱ्या झिलईच्या लाद्या अजून टिकून आहेत. त्यांच्यावरूनच हे नाव पडलं. १६८७ साली गोवळकोंडा पडला आणि औरंगजेबाने शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला इथे आणून ठेवलं, ते मरेपर्यंत. नाव महालाचं, काम तुरुंगाचं.

चिनी माती आणि कैद यांची अशीच गाठ थोड्याच वर्षांनी जर्मनीत पडली. योहान बॉटगर हा जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा हलक्या धातूचं सोनं करतो, अशी बोलवा होती. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस याने १७०१ साली त्याला धरूनच ठेवलं. पळाला, तर परत पकडून आणला. सोनं काही झालं नाही. पण चीन-जपानची भांडी तेव्हा युरोपात सोन्याच्या तोलाची होती आणि ती करण्याची विद्या तिकडे कुणाकडे नव्हती. चिर्नहाउस नावाच्या विद्वानाने बॉटगरला या कामाला लावलं. १७०८ साली पांढरी चिनी माती साधली, १७१० साली मायसेनच्या गढीत कारखाना निघाला. गढीत अशासाठी, की गुपित फुटू नये. ते फुटलंच. १७१८ साली व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला!

राजाचा शौक तरी केवढा! १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्या शिपायांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

पुढे १७२० साली हेरोल्ट हा चित्रकार मायसेनला आला. कोबाल्टचा निळा रंग भट्टीची मोठी आच सोसतो, म्हणून तो झिलईखाली. लाल, हिरवा, पिवळा हे नाजूक. ते झिलईवर भरून भांडं पुन्हा मंद आचेवर भाजायचं. हेरोल्टच्या कपांवर चिनी माणसं चहा पितात, छत्र्या धरून हिंडतात. त्याने चीन कधी पाहिला नव्हता. मी त्याला हसणार नाही. शिराजची बाग न पाहता तिच्यावर शेर लिहिणारे आपल्याकडे काय कमी झाले? त्या कपांना पुष्कळदा कान नसत, बशा मात्र खोल असत. तिथेही लोक चहा बशीत ओतून पीत, आमच्या मोमिनपुऱ्यासारखेच.

भांड्याच्या बुडाला निळ्या दोन तलवारींची खूण असे. चित्र काढणाऱ्याचं नाव सहसा नसे.

बॉटगरला १७१४ साली मोकळीक मिळाली. १७१९ साली, ३७ व्या वर्षी, तो गेला. हेरोल्टची चित्रं त्याने पाहिलीच नाहीत.